स्किपिओ आफ्रिकानस: कीर्ती आणि तिचे कारागीर

रोमन वक्ता सिसेरो याच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथाच्या अखेरीस एक स्वप्न आहे. इ. स. पू. १४९ या वर्षी स्किपिओ एमिलियानस हा तरुण रोमन अधिकारी आफ्रिकेत नुमिडियाचा वृद्ध राजा मासिनिसा याचा पाहुणा होतो. रात्री उशिरापर्यंत राजा त्याला त्याच्या दिवंगत आजोबांच्या गोष्टी सांगत बसतो आणि मग झोपेत ते आजोबाच त्याच्यापुढे उभे राहतात. आजोबा म्हणजे हॅनिबलला जिंकणारा पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ, ज्याला रोमने ‘आफ्रिकानस’ म्हटले. तारकांनी भरलेल्या एका उंच स्थळावरून ते नातवाला पृथ्वी दाखवितात. पृथ्वी एवढीशी आणि तिच्यावरचे रोमचे साम्राज्य म्हणजे जेमतेम एक ठिपका! कीर्तीची हाव धरणाऱ्या नातवाला ते विचारतात, तुमच्यापैकी कोणाचे नाव कॉकेशस पर्वत चढून जाईल, की गंगा पोहून पैलतीरी पोहोचेल?

गंगेचे नाव वाचून आपल्याकडचा वाचक क्षणभर थबकतो. इ. स. पू. ५० च्या सुमारास एका रोमन लेखकाला कीर्तीच्या सीमेवरची नदी म्हणून आठवली ती गंगा! आम्ही गंगेच्या बरेच अलीकडे, या पश्चिम किनाऱ्यावर बसून देवनागरी अक्षरांत स्किपिओचे नाव लिहीत आहोत. सिसेरोच्या अपेक्षेहून ते नाव दूरवर आले, हे खरे. पण ते कशाच्या बळावर आले, हा प्रश्न आमच्या मते स्किपिओच्या लढायांहून अधिक विचार करण्याजोगा आहे. लढाया एका दिवसात संपतात. नाव बावीसशे वर्षे टिकते, ते कोणीतरी ते वारंवार घडवीत राहतो म्हणून. आणि घडविणारा काही ठेवतो, काही गाळतो. आम्हां धर्मगुरूंना हे वेगळे सांगावयास नको. मृताच्या देहाशेजारी उभे राहून दहा मिनिटांत एका आयुष्याविषयी बोलण्याचा प्रसंग ज्याच्यावर नेहमी येतो, त्याला गाळण्याचे शास्त्र ठाऊक असते.

प्रारंभ स्किपिओच्या पहिल्याच पराक्रमापासून करू. इ. स. पू. २१८ मध्ये आल्प्स ओलांडून आलेल्या हॅनिबलची रोमनांशी उत्तर इटलीत टिसिनस नदीपाशी पहिली चकमक झाली. रोमनांचा सेनापती होता स्किपिओचा पिता. तो जखमी झाला, शत्रूने वेढला गेला आणि सतरा-अठरा वर्षांच्या पुत्राने घोडा पुढे घालून त्यास वाचविले, अशी कथा आहे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस ती सांगतो, रोमन इतिहासकार लिव्हीही सांगतो. पण लिव्ही प्रामाणिक लेखक आहे. तो जाता जाता नोंदवून ठेवतो, की सीलियस नावाच्या एका आधीच्या इतिहासकाराने सेनापतीला वाचविण्याचे श्रेय लिगुरिया प्रांतातल्या एका गुलामाला दिले आहे. पुत्राने पित्याला वाचविले, हीच गोष्ट खरी असावी असे आपल्याला वाटते, असेही लिव्ही म्हणतो. इतके बोलून तो पुढे जातो आणि त्याच्यामागून सारे जग पुढे जाते. तो लिगुरियन गुलाम, असलाच तर, त्या एका वाक्यापुरता जगला. त्याचे नावही कोणी विचारले नाही.

पॉलिबियसने स्किपिओची माहिती कोठून मिळविली? तो रोममध्ये ओलीस म्हणून आलेला ग्रीक होता, स्किपिओच्याच घराण्याच्या स्नेहात राहिला आणि त्याला माहिती सांगणारा होता गायस लेलियस, स्किपिओचा बालपणापासूनचा सोबती. मित्राची साक्ष खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु न्यायालयात साक्षीदाराचे आरोपीशी नाते काय, हे आधी विचारले जाते. इतिहासाच्या न्यायालयात ते विचारण्याचे आपण विसरतो.

पॉलिबियसच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याने आपल्या नायकाला देवांच्या हातून सोडवून माणसांत आणले. पिता आणि काका स्पेनमध्ये मारले गेल्यावर, कॉन्सल वा प्रेटर ही कोणतीच मोठी पदे न भूषविलेला पंचवीस वर्षांचा स्किपिओ इ. स. पू. २१० मध्ये स्पेनच्या मोहिमेवर निवडला गेला. पुढच्याच वर्षी त्याने कार्थेजचे तेथील मुख्य ठाणे नवे कार्थेज, म्हणजे आजचे कार्ताहेना, जिंकले. नगराच्या एका बाजूस खाजण होते. सायंकाळी त्याचे पाणी ओसरले आणि रोमन सैनिक कमरेएवढ्या पाण्यातून चालत जाऊन, ज्या तटावर पहारा नव्हता त्यावर चढले. वरुणासारखा समुद्राचा देव नेपच्यून आपल्याला साहाय्य करणार असल्याचे सेनापतीने सैनिकांना आधी सांगितले होते, तेव्हा सर्वांना तो चमत्कारच वाटला. पॉलिबियस मात्र सांगतो, की पाणी रोज सायंकाळी ओसरते ही माहिती स्किपिओने तेथील कोळ्यांकडून काढून घेतली होती. खाजणाच्या काठी राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे पटवून देण्याची गरज नाही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक कोळ्याला विचारावे, सेनापतीला नव्हे. नेपच्यूनचा उल्लेख करण्यात स्किपिओची चतुराई होती, कोळ्यांना विचारण्यात त्याची थोरवी. कीर्तीने चतुराई उचलली आणि कोळी मागे राहिले, पण पॉलिबियसने निदान त्यांची नोंद ठेवली.

याच नगरातून स्किपिओविषयीची सर्वांत लोकप्रिय कथा निघाली. सैनिकांनी एक अत्यंत रूपवती बंदिवान तरुणी त्याला भेट म्हणून आणली. पॉलिबियस एवढेच सांगतो, की स्किपिओने त्यांचे आभार मानले, सेनापतीला हे शोभणारे नाही असे म्हटले आणि मुलीला पित्याच्या स्वाधीन करून योग्य वर पाहून विवाह लावण्यास सांगितले. दीडशेहून अधिक वर्षांनी लिव्ही तीच कथा सांगतो, तेव्हा तिला पालवी फुटलेली असते. आता मुलीला वाग्दत्त वर आहे, त्याचे नाव अल्युसियस. स्किपिओ त्याला बोलावून भाषण करतो. आईबाप खंडणीचे सोने आणतात, तर स्किपिओ तेही वराला वरदक्षिणा म्हणून देऊन टाकतो. युरोपच्या चित्रकारांना हा प्रसंग फार आवडला. पूसँने तो १६४० मध्ये रंगविला. ‘स्किपिओचा संयम’ हा चित्रविषयच होऊन बसला आणि सत्ताधीशांच्या दालनांत टांगण्यास तो सोयीचा ठरला.

येथे दोन गोष्टी आम्हांस खटकतात. पहिली, रोमचाच व्हॅलेरियस अँटियास हा इतिहासकार लिहून गेला होता, की स्किपिओने त्या मुलीला परत केलेच नाही. अँटियास फारसा विश्वासार्ह मानला जात नाही आणि आम्हीही पॉलिबियसवर अधिक भरवसा ठेवू. पण दुसरा सूर होता आणि तो ऑलस जेलियस या टिपणे काढणाऱ्या लेखकामुळे आज आपल्याला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या कथेत वराला नाव मिळाले, सेनापतीला कीर्ती मिळाली. मुलीला नाव मिळाले नाही. पॉलिबियसमध्ये नाही, लिव्हीमध्ये नाही. हँडेलने १७२६ मध्ये या कथेवर संगीतिका रचली तेव्हा तिला बेरेनिस म्हणावे लागले, कारण नावावाचून गायिकेला रंगमंचावर उभे करणार कसे? सद्गुणाची कथा असूनही जिच्यावर दया झाली तिचा चेहरा पुसला गेला आहे. आम्ही ही कथा नाकारीत नाही. स्किपिओने त्या दिवशी जे केले ते त्या काळच्या सेनापतींच्या रीतीहून वरचे होते, हे निःसंशय. तरी दात्याचे चित्र रंगविताना घेणारा छायेत ढकलला जातो, ही खोड आपल्याकडच्या गौरवग्रंथांत आणि स्मरणिकांतही थोडी नाही.

आता गाळलेल्या गोष्टींकडे वळू. दक्षिण इटलीतील लोक्री हे नगर इ. स. पू. २०५ मध्ये स्किपिओच्या सैन्याने परत मिळविले आणि प्लेमिनियस नावाचा त्याचा अधिकारी तेथे राहिला. त्याने देवीच्या मंदिराचा कोष लुटला, नगरवासीयांवर अनन्वित अत्याचार केले. तेथील दोन रोमन लष्करी अधिकाऱ्यांशी त्याचे भांडण जुंपले. स्किपिओ स्वतः जाऊन आला, त्याने प्लेमिनियसला निर्दोष ठरविले, त्या दोघांना बेड्या घातल्या आणि तो सिसिलीला परतला. मग प्लेमिनियसने त्या दोघांना छळून मारले आणि तक्रार करणाऱ्या नागरिकांचाही सूड घेतला. शेवटी लोक्रीचे दूत मळक्या वस्त्रांत रोमच्या सिनेटपुढे गेले. चौकशी झाली, प्लेमिनियस रोमच्या तुरुंगातच मेला. परंतु चौकशी मंडळापुढे लोक्रीच्या लोकांनी स्किपिओवर आरोप ठेवण्याचे टाळले. त्यांचे म्हणणे असे, की हे त्याच्या आज्ञेने घडले नसावे. त्याने प्लेमिनियसवर जास्त विश्वास ठेवला आणि आमच्यावर कमी. शिवाय असा माणूस शत्रू असण्यापेक्षा मित्र असलेला बरा!

आम्ही हा भाग पुनःपुन्हा वाचला आहे. लिव्हीच्या ग्रंथात स्किपिओविषयी जी सुंदर भाषणे आहेत, त्या साऱ्यांपेक्षा पीडितांचे हे संकोचलेले बोलणे आम्हांस अधिक खरे वाटते. जो आपल्या माणसाच्या शब्दावर विसंबतो आणि दाराशी आलेल्या गाऱ्हाण्यावर विसंबत नाही, तो क्रूर नसेलही. पण त्याच्या भलेपणाची किंमत दुसरे मोजतात. यावर पूसँने चित्र काढले नाही, हँडेलने संगीत रचले नाही.

इ. स. पू. २०४ मध्ये स्किपिओ आफ्रिकेत उतरला. समोर कार्थेजचा सेनापती हास्द्रुबाल आणि त्याचा मित्र, नुमिडियाचा राजा सिफाक्स यांच्या दोन छावण्या होत्या. हिवाळ्यात तहाची बोलणी सुरू झाली. रोमन दूतांसोबत नोकरांच्या वेषात अनुभवी सैनिक जात आणि छावणीची दारे, वाटा, अंतरे नजरेत साठवून येत. झोपड्या बोरूच्या आणि फांद्यांच्या होत्या. सारे कळल्यावर स्किपिओने बोलणी मोडल्याचा निरोप धाडला, म्हणजे शब्दभंगाचा ठपका राहू नये, आणि मग एका रात्री दोन्ही छावण्या पेटवून दिल्या. आग चुकून लागली असे समजून माणसे निःशस्त्र बाहेर धावली आणि कापली गेली. स्किपिओच्या सर्व कृत्यांत हे सर्वांत देदीप्यमान व धाडसाचे, असा अभिप्राय पॉलिबियस देतो. आमचा पॉलिबियसविषयीचा आदर येथे अडखळतो. युद्धशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर असेल. पण ज्या लेखकाने कोळ्यांची नोंद ठेवली, त्याला त्या ज्वाळांतील माणसांविषयी दुसरा शब्द सुचू नये?

सिफाक्स पकडला गेला. त्याची पत्नी सोफोनिस्बा ही हास्द्रुबालची कन्या. रोमचा मित्र झालेला मासिनिसा (सिसेरोच्या स्वप्नातला वृद्ध राजा तो हाच, तेव्हा तरुण) तिच्या प्रेमात पडला आणि त्याने त्याच दिवशी तिच्याशी विवाह केला. स्किपिओने तिला रोमची बंदिवान म्हणून मागितले. मासिनिसाने तिला विषाचा पेला पाठविला आणि तिने तो शांतपणे घेतला. दुसऱ्या दिवशी स्किपिओने सर्व सैन्यासमोर मासिनिसाला राजा म्हणून संबोधिले, सोन्याचा मुकुट दिला. स्पेनमध्ये ज्याने एक वधू वराच्या हाती दिली, त्यानेच आफ्रिकेत एक वराच्या हातून मागून घेतली. पहिल्या कथेला स्किपिओचे नाव मिळाले. दुसरीला सोफोनिस्बाचे. कवींनी आणि नाटककारांनी तिला उचलून धरले. इटलीतील त्रिस्सिनोची ‘सोफोनिस्बा’ ही शोकांतिका १५२४ मध्ये छापली गेली आणि तिच्यामागून अनेक आल्या. साहित्य कधीकधी इतिहासाने पुसलेला चेहरा परत रंगविते, त्याचे हे उदाहरण.

झामाच्या रणांगणाविषयी आम्ही थोडक्यात बोलू. ते सर्वांनीच वर्णिले आहे. इ. स. पू. २०२ मध्ये हॅनिबलने ऐंशीहून अधिक हत्ती पुढे सोडले. स्किपिओने पथकांमध्ये सरळ मोकळ्या गल्ल्या ठेवल्या होत्या, हत्ती त्यांतून निघून गेले. मासिनिसाच्या घोडदळाने मागून येऊन निकाल लावला. रोमच्या रांगांत कॅनीच्या भीषण पराभवातून वाचलेले आणि त्याबद्दल शिक्षा म्हणून सिसिलीत ठेवलेले सैनिक होते. त्यांना परत मान मिळवून देणे ही स्किपिओच्या स्वभावाची उजळ बाजू. तो स्वतःही कॅनीतून वाचलेला होता. पुढच्या वर्षी तह झाला. कार्थेजने पन्नास वर्षांत दहा हजार टॅलेंट चांदी द्यावी, दहा युद्धनौका ठेवाव्यात, रोमच्या अनुमतीवाचून युद्ध करू नये. अटी कडक होत्या. पण नगर उभे राहिले. ते जाळून बेचिराख झाले इ. स. पू. १४६ मध्ये आणि जाळणारा होता तो स्वप्न पाहणारा दत्तक नातू. त्यालाही ‘आफ्रिकानस’ हीच पदवी मिळाली. पुष्कळ वाचक आजोबा आणि नातू यांत गोंधळ करतात. कीर्तीच्या बाजारात दोन वेगळ्या मालांवर एकच शिक्का बसला, त्याला काय करणार!

विजेत्याच्या वृद्धापकाळाची हकीकत उदास आहे. वृद्ध म्हणावे असे त्याचे वयही नव्हते, पन्नाशीच्या आसपास. पूर्वेकडील राजा अँटायोकसकडून आलेल्या पैशांचा हिशेब सिनेटमध्ये मागितला गेला. मागणाऱ्यांच्या पाठीशी केटो होता. स्किपिओने हिशेबाची वही सर्वांसमोर फाडली, असे सांगतात. खटल्याच्या दिवशी आज झामाच्या विजयाचा वाढदिवस असे म्हणून तो लोकांना घेऊन कॅपिटोलवर देवदर्शनास गेला. कथा रोमहर्षक आहे. पण हिशेब दिला गेला नाही, हेही तितकेच खरे. विश्वस्तपदावर बसलेल्या कोणाही माणसाने वही फाडून पूर्वीच्या सेवेकडे बोट दाखवावे, हे आम्हांस तरी मान्य होण्याजोगे नाही. लिव्हीदेखील येथे हात टेकतो: खटला, मृत्यूचे वर्ष, दफनाची जागा, कशावरच लेखकांचे एकमत नाही, हे तो मोकळेपणाने सांगतो. एवढे निश्चित, की स्किपिओ कॅम्पानियाच्या किनाऱ्यावर लिटर्नम येथील आपल्या घरी गेला आणि इ. स. पू. १८३ च्या सुमारास तेथेच वारला.

या शेवटच्या प्रकरणाला सर्वांत गंभीर वाचक लाभला तो सहाशे वर्षांनी. संत ऑगस्टीन आफ्रिकेचाच सुपुत्र, ३५४ मध्ये नुमिडियातील थागास्ते येथे जन्मलेला, रोमनांनी पुन्हा वसविलेल्या कार्थेजमध्ये शिकलेला. ४१० मध्ये रोम लुटले गेले. ख्रिस्ती धर्मामुळे जुने देव कोपले, असा ओरडा झाला, आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ हाती घेतला. तिसऱ्या भागात ते स्किपिओची आठवण काढतात. ज्याने हॅनिबलला त्या देवांच्या मंदिरांपासून दूर ठेवले, त्याला देवांनी काय परतफेड केली? स्वतःच्या नगराने त्याला हाकलले आणि तो तेथे अंत्यविधीही नको म्हणून परगावी मेला. तेही रोमच्या नीतिमत्तेचा सुवर्णकाळ म्हणवल्या जाणाऱ्या दिवसांत!

संत ऑगस्टीन येथे स्किपिओला आपल्या युक्तिवादासाठी वापरतात, हे श्रद्धेला बाध न आणता म्हणता येईल. हिशेबाच्या वहीचा उल्लेख ते करीत नाहीत. त्यांना रोमची कृतघ्नता दाखवावयाची आहे. तरी त्यांच्या वाचनात एक गोष्ट आहे जी आधीच्या कोणात नाही. ते विजयावर थांबत नाहीत, विजयानंतर त्या माणसाचे काय झाले ते विचारतात. आणि पाचव्या भागात ते रोमन वीरांविषयी समतोल निवाडा देतात: त्यांनी कीर्ती मागितली, त्यांना कीर्ती मिळाली, त्यांचे वेतन त्यांना पोचले. आफ्रिका जिंकली म्हणून ज्याला आफ्रिकेचे नाव मिळाले, त्याचा हिशेब शेवटी एका आफ्रिकी माणसाने मांडला, याचे आम्हांस मोठे समाधान वाटते.

योगायोगाची आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकू. सिसेरोचा तो राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. स्वप्नाचा भाग तेवढा मॅक्रोबियसच्या भाष्यामुळे वाचला. १८१९ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आंजेलो माय या विद्वान धर्मगुरूला एका जुन्या हस्तलिखितात त्याचा बराच भाग सापडला. कोणीतरी चर्मपत्रावरची सिसेरोची अक्षरे खरवडून त्यावर दुसरा ग्रंथ उतरवून काढला होता. तो ग्रंथ म्हणजे संत ऑगस्टीन यांचे स्तोत्रांवरील निरूपण!

पेत्रार्कला मात्र स्किपिओ आणि ऑगस्टीन या दोघांनाही एकत्र वागवावे लागले आणि त्या ओढाताणीत त्याचे आयुष्य गेले. १३३८ च्या सुमारास, पवित्र सप्ताहातील शुक्रवारी, व्होक्लूझच्या डोंगरांत फिरताना त्याला स्किपिओवर लॅटिन महाकाव्य रचण्याचा ध्यास लागला. नाव ‘आफ्रिका’. काव्य पुरे होण्याआधीच त्याची ख्याती झाली आणि ८ एप्रिल १३४१ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, रोमच्या कॅपिटोलवर त्याला कविराजाचा मुकुट मिळाला. नवव्या सर्गात तर त्याने रोमन कवी एनियसकडून स्किपिओला असे स्वप्न सांगविले आहे, की पुढे फार काळाने एक तरुण कवी येईल आणि तुझी कीर्ती गाईल. तो तरुण अर्थात स्वतः पेत्रार्क! नायकाची पालखी उचलताना स्वतःलाही तीत थोडी जागा करून घ्यावी, ही कवींची जुनी रीत.

पण त्याच पेत्रार्कने ‘सेक्रेतुम’ नावाच्या खासगी संवादात संत ऑगस्टीन यांना आपल्यासमोर बसविले आहे, आणि तेथे संत त्याला स्पष्ट बजावतात, की आफ्रिका तिच्या मालकांना सोडून दे. स्किपिओची कीर्ती तुझ्याने वाढणार नाही, तुझीही नाही. तू आधी स्वतःकडे पाहा. पेत्रार्कने ऐकले नाही आणि मानलेही. काव्य त्याने सोडले नाही, पुरेही केले नाही. १३७४ मध्ये तो वारला तेव्हा ते अपुरेच होते.

‘आफ्रिका’ आज कोण वाचतो? अभ्यासक वाचतात. आम्ही अनुवादाच्या आधाराने वाचले; सेमिनरीत आमच्या वाट्याला आलेले लॅटिन प्रार्थनांपुरते पुरते, महाकाव्याला नाही. पुष्कळ भाग कंटाळवाणा आहे. नायक इतका निर्दोष, की त्याच्याशी बोलावेसे वाटत नाही. पण एक जागा अशी आहे जिथे काव्य जिवंत होते, आणि ती स्किपिओची नव्हेच. हॅनिबलचा जखमी भाऊ मागो जहाजातून मायदेशी परतत असताना समुद्रावर मरतो. मरताना माणसाच्या महत्त्वाकांक्षेच्या निरर्थकतेविषयी तो बोलतो. या चौतीस ओळी पेत्रार्कने १३४३ मध्ये एका मित्राला दिल्या, त्या हातोहात पसरल्या आणि टीकाही झाली. आक्षेप असा, की असे बोल ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभतील, एका मूर्तिपूजक तरुणाच्या तोंडी नव्हेत. पेत्रार्कने बोकाचिओला लिहिलेल्या पत्रात उत्तर दिले: यात ख्रिस्ती असे काय आहे? हे तर मानवी आहे, मरणाऱ्या कोणालाही सुचेल असे आहे.

आम्ही पेत्रार्कच्या बाजूचे आहोत. मरणासन्नांच्या उशाशी बसण्याचे काम करणाऱ्याला तो आक्षेप टिकणारा वाटत नाही. शेवटच्या घटकेला प्रत्येक धर्माचा माणूस साधारण तेच बोलतो. आणि रोमच्या सेनापतीसाठी मांडलेल्या मखरात कवीची खरी प्रतिभा शत्रूच्या मृत्यूपाशी जाऊन पेटली, हा त्या काव्याचा पराभव नव्हे. आमच्या मते तेच त्याचे सार्थक. दुसरीकडे, मायबोली इटालियनमध्ये लिहिलेल्या ज्या प्रेमकवितांना तो किरकोळ म्हणे, त्या तीनशे सहासष्ट कविता आज जगभर वाचल्या जातात. लॅटिनच्या संगमरवरात कोरलेला स्किपिओ थंड पडला. मराठीत लिहावे की प्रतिष्ठेच्या भाषेत, असा प्रश्न ज्या आपल्या तरुणांना पडतो, त्यांनी पेत्रार्कचा हा हिशेब एकदा पडताळून पाहावा.

त्यानंतरचे कारागीर आम्हांस फारसे रुचत नाहीत. इंग्रज लष्करी लेखक लिडेल हार्टने १९२६ मध्ये स्किपिओला नेपोलियनहून थोर ठरविले. ग्रंथ अभ्यासपूर्ण आहे, पण स्पर्धा निरर्थक. इटलीच्या राष्ट्रगीतात, १८४७ मध्ये मामेलीने लिहिलेल्या, देश स्किपिओचे शिरस्त्राण घालून जागा होतो. त्या काळी परकीय सत्तेखाली विखुरलेल्या लोकांना ते शिरस्त्राण हवे होते, हे समजू शकते. १९३७ चा ‘स्किपिओने लाफ्रिकानो’ हा चित्रपट मात्र निराळा. मुसोलिनीच्या इटलीने नुकतेच इथिओपिया गिळले होते. कार्मिने गाल्लोनेने शासनाच्या पैशाने हत्ती आणि हजारो सैनिक उभे केले आणि व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला मुसोलिनीच्याच नावाचा पुरस्कार मिळाला. आफ्रिका पुन्हा एकदा जिंकण्याचे समर्थन करण्यासाठी मृताला कबरीतून उठविण्यात आले. त्याने ज्या नगराला जाळले नाही, ते नगर कोणी लक्षात घेतले नाही.

आणि कबर तरी कोठे आहे? रोममध्ये ॲपियन मार्गावर स्किपिओ घराण्याची दफनभूमी १७८० मध्ये उजेडात आली. तेथे पूर्वजाची दगडी शवपेटी मिळाली, आफ्रिकानसची नाही. लिव्ही लिटर्नमला गेला होता. तेथील थडग्यावरचा पुतळा वादळाने पाडलेला त्याने स्वतः पाहिला आणि तेवढेच लिहिले. प्लिनीच्या काळी तेथे स्किपिओने स्वतःच्या हाताने लावलेली ऑलिव्हची झाडे दाखवीत असत.

या सर्वांत आम्हांस सर्वाधिक प्रिय आहे सेनेकाचे पत्र. तो स्किपिओच्या त्या घरात मुक्कामाला होता आणि तेथूनच त्याने मित्राला लिहिले. विजयांविषयी त्यात फार थोडे आहे. आहे ते न्हाणीघर: अरुंद, काळोखे, खिडक्यांऐवजी भिंतीत चिरांसारख्या फटी. शेतात राबून थकलेला कार्थेजचा काळ येथे अंग धूत असे, आणि आज आमच्या भिंतींना चकाकणारे आरसे नसले तर आम्हांला गरीब वाटते, असा त्याचा सूर. सेनेका श्रीमंत होता, तेव्हा हा उपदेश त्याच्या तोंडी कितपत शोभतो, हे वाचकाने ठरवावे. पण पत्राचा उत्तरार्ध वाचला की त्याच्यावरचा राग मावळतो. घराचा नवा मालक एजियालस नावाचा मेहनती शेतकरी होता. जुने झालेले ऑलिव्हचे झाड मुळांसकट काढून दुसरीकडे कसे लावावे, हे सेनेका त्याच्याकडून शिकून घेतो, आणि पत्राचा उरलेला भाग फांद्या किती छाटाव्यात, मुळे कशी राखावीत आणि माती कशी दाबावी, यावर खर्च करतो.